ताईसाठी चार आवाज

११ जानेवारी

आज ताईचं यंत्र सुरू झालं. आणि ताई रडली. आनंदाने नव्हे!

ऑपरेशनला महिना झालाय. कानामागे कातडीच्या आत एक तुकडा बसवलाय, बाहेरून बटणाएवढं यंत्र चिकटवायचं. दवाखान्यातल्या श्रवणतज्ज्ञ बाई (आम्ही त्यांना कानवाल्या बाई म्हणतो) आधीच बजावत होत्या, "पहिल्या दिवशी चमत्काराची वाट पाहू नका." आम्ही पाहिलीच. सहा वर्षं ठार बहिरी बहीण! वाट न पाहून कसं चालेल?

भाची तिच्यासमोर बसली. "आई, येतंय का ऐकू?" ताईचं तोंड आंबट काहीतरी चावल्यासारखं झालं. "ही कोण बोलतेय? माझी पोरगी अशी नाही बोलत." आणि माझ्याकडे वळून, "तुझ्या त्या खोक्यासारखा आवाज येतोय रे सगळ्यांचा. टीं-टुं, टीं-टुं."

खोकं! वीस-बावीस वर्षांत मला त्याची आठवण झाली नव्हती. हिला झाली.

१२ जानेवारी

सापडलं. माळ्यावर, माझ्या लिफ्टदुरुस्तीच्या सामानातल्या जुन्या बटणांच्या पेटीखाली. करड्या रंगाचं, हाताच्या पंजात मावणारं, खेळ खेळायचं यंत्र. ताईने अस्तराच्या उरलेल्या कापडातून शिवलेली पिशवी अजून शाबूत. नाडीसुद्धा.

चार पेन्सिल सेल घातले. पडदा हिरवा झाला. ती 'टिंग' ऐकली आणि मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी. शिडीवर!

१४ जानेवारी

सुट्टी. दिवसभर तेच दिवस डोक्यात.

दोन खोल्या होत्या आमच्या. खिडकीशी ताईचं पायाने चालवायचं शिलाई मशीन, समोरच्या खाटेवर मी. सगळी मुलं त्या यंत्रावर उड्या मारत, शत्रू मारत. मी एका मित्राकडून त्यात खोचायची निराळीच कॅसेट मिळवली होती. तिच्यात खेळ नव्हता, गाणी बांधायचा प्रोग्राम होता. ट्रॅकर म्हणत त्याला. पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येक रकाना म्हणजे एक आवाज. दोन तुतारीसारखे, एक खर्जाचा, आणि चौथा नुसता खरखराट, ज्याचा ताल करायचा. सूर एकाखाली एक लिहायचे, सोळा पायऱ्या. यंत्र वरून खाली वाचत जातं आणि गाणं होतं. बस, एवढंच. चार आवाज. पाचवा हवा असेल तर आधीच्या चारांतल्या एकाच्या पोटातून काढायचा.

बाबा म्हणायचे, "पोरगी पायाने शिवते, पोरगा अंगठ्याने. घरात एक माणूस धड हाताने काम करत नाही."

एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवलंही. सात माणसं आली होती. त्यांतली दोन पंख्याखाली बसायला. सातवी ताई.

ताई तेव्हा ओरडायची, "बंद कर रे ती चिमणी!" रोज. अगदी रोज.

१५ जानेवारी

गाणी गेली. सगळी.

कॅसेटच्या आत नाण्याएवढा सेल असतो, त्याच्या जिवावर गाणी राहतात. तो केव्हाच मेला. यादी उघडली तर कोरी. चौदा गाणी होती. एकही कागदावर उतरवलेलं नाही. नवा सेल सोल्डर करून बसवला, पण मेलेल्याला सलाईन लावून काय उपयोग?

आठवायला बसलो. एकसुद्धा धड आठवलं नाही. एक होतं जिना चढल्यासारखं, जिन्याचं गाणं म्हणायचो त्याला; त्याचे पहिले तीन सूर आले, पुढे अंधार.

२ फेब्रुवारी

ताईने कानाचं यंत्र काढून मशीनच्या खणात टाकलंय, बॉबिनांबरोबर. भाचीचा रडवेला फोन आला.

गेलो. ताईशी बोलायचं म्हणजे एकतर तिला ओठ वाचू द्यायचे, नाहीतर खडूने कापडाच्या चिंधीवर लिहायचं. मी लिहिलं, 'का?'

"पत्र्यावर कुणी वाळू ओततंय, तसं होतं. रेडिओ लावून पाहिला. गाणं ओळखू येईना. माझं आवडतं गाणं असेल, नसेल, काही कळेना." ताई कात्री चालवतच बोलत होती. "शांततेशी माझं जमलंय. या यंत्राशी नाही जमत. परत करून टाका."

मी चिंधीवर लिहिलं, 'थोडी कळ काढ.'

तिने ती चिंधी घेतली आणि खिशाच्या अस्तराला लावून टाकली. कुण्या गिऱ्हाइकाच्या खिशात माझी कळ!

६ फेब्रुवारी

कानवाल्या बाईंकडे एकटाच गेलो. म्हणाल्या, "गाणं त्यांच्यासाठी बाजारातली गर्दी आहे. दहा वाद्यं, वर आवाज, त्यात घुमारा. त्यांच्या मेंदूला एकदम एवढं नाही निस्तरत. एकेकटे सूर द्या. साधे, कोरडे, एकावेळी एक."

साधे. कोरडे. एकावेळी एक!

मी खुर्चीतून उडालोच. माझ्या खोक्याकडे सगळे मिळून चारच आवाज. तीन बंद केले की एक उरतो!

जाताना म्हणाल्या, "आणि तुमचा कान कधी तपासताय? सख्खे भाऊ ना तुम्ही?" पाहू म्हटलं.

११ फेब्रुवारी

रविवार सकाळ. पहिला धडा. ताई नाइलाजाने बसली, केवळ मी खोकं घेऊन आलो म्हणून. पिशवी पाहून हसली मात्र. "टाका अजून उसवला नाही!"

दोन सूर वाजवले. वरचा कुठला? चुकली. परत. चुकली. दहापैकी चार बरोबर, म्हणजे डोळे मिटून सांगितले असते तरी तेवढे आलेच असते. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान भिंतीवर आपटलं तिने. माझ्या डोक्याच्या वीतभर बाजूला.

१८ फेब्रुवारी

दहापैकी पाच. अंगुस्तान मी आधीच लपवून ठेवलं होतं.

२५ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सुरांचा कंटाळा आला होता तिला. म्हणाली, "हे पीं-पीं पुरे. तुझं ते जिन्याचं गाणं लाव."

मी चिंधीवर लिहिलं. 'गेलं. सेल मेला. मलाही आठवत नाही.'

"तुला आठवत नाही?" अशी बघितली, जणू मी तिच्या लग्नाची तारीख विसरलोय. "मला पाठ आहे."

आणि तिने कानाचं यंत्र काढून बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि गुणगुणायला लागली.

सहा वर्षं स्वतःचा आवाजही न ऐकलेली बाई. आवाज किंचित खाली घसरलेला, कडा झिजलेल्या. पण गाणं तेच! पहिले तीन सूर, मग ती चढण, मग मधल्या मजल्यावर थांबल्यासारखा विसावा. सगळं. मी विसरलेली दुसरी ओळसुद्धा. माझे अंगठे धावत होते. सोळा-सोळा करत बत्तीस पायऱ्या भरल्या.

एका जागी ती थांबली. "इथे तू नेहमी अडखळायचास. एक सूर चुकीचा लावायचास."

लिहिलं, 'तू तर बंद कर म्हणून ओरडायचीस!'

"ओरडणार नाही तर काय! माझा पाय तुझ्या गाण्यावर चालायचा. तू चुकलास की माझी शिवण वाकडी जायची. कितीदा उसवलंय मी तुझ्यापायी, ठोंब्या!"

मला वाटायचं ऐकायला कुणीच नव्हतं. आणि खिडकीशी एक माणूस रोज माझ्या तालावर टाके घालत होतं.

मग तिने यंत्र कानाला लावलं. मी वाजवलं. एकच आवाज, बाकी तीन बंद. ती हललीही नाही. "परत." वाजवलं. "परत." अकरा वेळा. बाराव्यांदा तिचा पाय मशीनखालच्या पट्टीवर हलायला लागला. खाली पट्टा लावलेला नव्हता, नुसतं रिकामं चाक फिरत होतं.

"बारीक झालंय," ती म्हणाली. "लहानपणीचा फ्रॉक आटावा तसं. पण तेच आहे."

मी नाक पुसायला उठलो. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं नाक माझ्याआधीच लाल.

२६ फेब्रुवारी

कानवाल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, डोक्यात साठवलेलं असेल तर मेंदू नव्या आवाजाला जुन्याशी जुळवून घेतो. "ज्यांच्याकडे आठवण आहे, त्यांना वाट सापडते."

दिवसभर तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टशी झटापट केली. शीळ घालत.

११ मार्च

यंत्र खणातून कायमचं बाहेर. सकाळी लावते, झोपताना काढते.

आता ताईला एका आवाजात समाधान नाही. दुसरा जोडला. मग खर्ज. पडद्यावरचे रकाने बघून म्हणाली, "अरे, ही तर माझी मापाची वही! छाती, कंबर, उंची... खाली खाली लिहीत जायचं." आणि खोकं माझ्या हातातून घेतलं. ते परत मिळालेलं नाही. त्या चुकीच्या सुराच्या जागी तिने स्वतःचा सूर शिवलाय. बरोबर बसतो. अगदी बाहीसारखा.

१८ मार्च

चौथा आवाज, तालाचा. मला काही नीट येईना. स्पीकर म्हातारा झालाय. ताई म्हणते, "येतोय की चांगला! वाळूच आहे, पण आता तालात पडते."

३१ मार्च

गाणं पुरं. चारही आवाज. ताईने तेरा ठिकाणी उसवलं, तेरा ठिकाणी शिवलं.

भाचीने त्यावर तोंडाने सूर धरला. ताई आधी पडद्याकडे पाहत होती, मग मान वर केली. "थांब. ही तू? परत म्हण." भाचीने परत म्हटलं. "हां... ही माझीच." पोरगी ढसाढसा रडली, आणि ताई वैतागून, "आता ओळखलं तर रडते! तेव्हा नाही ओळखलं, तेव्हाही रडली!"

९ एप्रिल

भाची स्वयंपाकघरात फोनवर हसली. ताई बाहेरच्या खोलीत, पाठमोरी, काज करत होती.

"काय झालं गं एवढं हसायला?"

आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. तिला काही कळलंच नाही. काज करत राहिली.

१५ एप्रिल

ताई दुसरं गाणं आठवतेय. पावसाळी पत्र्याचं. त्यात कितवा सूर कुठे, यावरून मला तीनदा ठोंब्या म्हणाली. सुखी आठवडा.

२२ एप्रिल

आज कानवाल्या बाईंनी मला धरलंच. काचेची खोली, कानांवर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी दाबलंच नाही. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय.

त्यांनी माझा आलेख ताईच्या वीस वर्षांपूर्वीच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्ही रेघा एकाच उतारावरून खाली. "घराण्यातलं आहे. अजून किती वर्षं ऐकू येईल, ते सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर ताई बसली होती. मी तिला कागद दिला. तिने माझ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग चार घड्या घालून पर्समध्ये टाकला, माझा दंड धरला आणि उठली.

"चल घरी. मी म्हणते, तू पाठ कर. सगळी चौदा."