मोठ्या रस्त्याच्या पल्याडचा समुद्र

जवळा बाजार,
फेब्रुवारी २००३

चि. सौ. जनकाबाईस तुझ्या थोरल्या बहिणीचे, शकुंतलेचे पोटभर आशीर्वाद. आमी खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? शेक देती का नुसताच येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवती? शेषरावांना नमस्कार सांग.

जने, मी समुद्र पाहून आले. गावाचं नाव विचारू नको, दोनदा ऐकलं आन दोनदा विसरले. माझ्या नातवानं, शिवहारनं (तू झोळी हलवून हलवून थकायचीस, तरी झोपायचा न्हाई तोच) पुण्यात जुनी मारुती घेतली. गाडी लई सुंदर, पण लेकराला मोठ्या रस्त्याची धडकी. ट्रक दिसला की पांढरा पडतो. म्हणून डायव्हर भाड्यानं आणला, आन गाडीचा मालक मागं माझ्यापाशी डोळे मिटून, माझं मनगट धरून. (म्हणे आजीला घाट लागतो. घाट काही लागला न्हाई, मनगटावर वळ मात्र उठले.)

त्या गावात पोचल्यावर डायव्हरला सुट्टी दिली आन आमचा राजा पुढं बसला. गल्लीबोळात अशी चालवतो की बघत राहावं. नारळाच्या वाड्या, देऊळ, मासळीबाजार, पुन्हा देऊळ, पुन्हा मासळीबाजार. शहाळेवाल्यानं तर विचारलं, आजी, इथंच राहायला आलात का? समुद्र काहून दिसंना म्हटलं, तर नातसून रागिणीनं हसू दाबत सांगितलं की तो मोठ्या रस्त्याच्या पल्याड आहे, आन हे सकाळपासून तो रस्ता चुकवून राहिले. दुसऱ्या दिवशी तर परतायचं व्हतं. चालत जाते म्हटलं, तर त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आजी, तुला माझ्या गाडीतून समुद्र दाखवीन म्हणलो व्हतो ना."

शेवटी कशीबशी गाडी रस्त्याच्या तोंडाशी नेली आन तिथंच रुतून बसला. मग मी उतरले. आपण मेंढरं पार करतो तशी छत्री आडवी धरली, जिभेनं टकटक करत मधोमध उभी राहिले. दोन्हीकडचे ट्रक थांबले. शिवहार पार झाला. पण त्याच्यामागं रिक्षा, तिच्यामागं मासळीचा टेम्पो, मग अजून गाड्या. कळपाचं शेवटचं कोकरू जाईस्तोवर आपण रस्ता सोडतो का? मी बी सोडला न्हाई. एका ट्रकवाल्यानं हात जोडून विचारलं, "आई, आमी जाऊ का?"

म्हटलं, "थांब, माझं शेपूट जायचंय."

पण शेपूट संपेचना. मला वाटतं त्या रस्त्याला भिणारे सगळेच सकाळपासून गल्ल्यांत फिरून राहिले व्हते. शेवटी रागिणीनंच येऊन मला ओढून नेलं.

समुद्र मोठा आहे, जने. पाय भिजवले, थोडं लुगडं बी. शिवहार छाती काढून म्हणतो, आणलं का न्हाई गाडीनं? म्हटलं, व्हय रे बाबा, आणलंस.

तुझी अक्का,
शकुंतला

ता. क. तुझ्या नातीच्या, दीपमालाच्या लग्नाला शिवहार कळमनुरीला गाडी घेऊन येऊन राहिला, आन गावात शिरल्यावर स्वतः चालवणार. मांडव नांदेड रोडच्या पल्याड घालणार म्हणून ऐकलं. शेषरावांना सांगून अलीकडं घे ना.

आणखी ता. क. कुणी काहून म्हटलं तर सांग, म्हातारपणी शकुंतलेला रस्ता ओलांडायची भीती बसली. शिवहारला मी तेच सांगितलंय. तो म्हणाला, घाबरू नको आजी, मी आहे ना.