पुरं झाल्यावरच दाखवायचं

प्रिय बटण,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं अक्षर कसं असतं ते तुला ठाऊक आहे. प्रगतिपुस्तकावरची माझी सही बघून बाई तुलाच दरडावायच्या, की ही तूच केलीस ना म्हणून. तेव्हा वाचताना दमलीस तर थांब, पण शेवटपर्यंत वाच. आई गेल्यापासून आपण दोघं हवापाण्याचंच बोलत होतो, आता तेही बंद पडलं. बायको गेली, आणि तिच्या मागोमाग मुलगीही हातातून निसटतेय, एवढं मला कळतंय. ते मला सोसत नाही गं.

आधी इकडची खबरबात. खालचं शिवणाचं दुकान मावशींनी चालू ठेवलंय. आईच्या हाताखाली त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, पण अजून गिऱ्हाईक आलं की आधी आईच्या खुर्चीकडे बघतात. मी रोज जाऊन आईच्या मशीनला तेल देतो. कुणी चालवत नाही, तरी देतो. मावशी म्हणतात, तेलानं मशीन बुडवून माराल. याच मशीनखाली बसून तू कोटाचं बटण गिळलंस आणि जन्माचं नाव पाडून घेतलंस.

तू तेव्हा शाळेत होतीस, म्हणून तुला आईचं दुखणं नीट आठवत नसेल. एका बाईचं माप घेताना तिच्या छातीत अचानक धडधडायला लागलं. श्वास पुरेना. गळ्यातल्या टेपसकट ती रस्त्यावर धावत गेली. हृदयाचा झटका समजून आम्ही दवाखाना गाठला, तर हृदय ठणठणीत. पण भीतीनं घर केलं ते केलंच. दुकान दोन जिने खाली, पण ती चपला घालून दारात उभी राहायची आणि पुन्हा काढून ठेवायची. मी दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायचो आणि घरी माझीच बायको उंबऱ्यात अडकलेली.

मग डॉक्टरांनी भीती शमवणारी ती गोळी दिली. काही दिवसांतच आई खाली उतरली. पुन्हा बेसूर गायला लागली, गिऱ्हाइकांशी भांडायला लागली. तुझ्या पदवीच्या समारंभाला भरल्या सभागृहात मधल्या रांगेत बसली, आठवतंय? म्हणून मी त्या गोळीला शिव्या देणार नाही. माझी बायको तिनं मला परत आणून दिली होती.

पण गोळी होती थोड्या दिवसांसाठी. ते डॉक्टर दुसरीकडे गेले, जुनी चिठ्ठी दाखवून औषध मिळत राहिलं, आणि अर्धीची एक कधी झाली, एकीच्या दोन कधी झाल्या, तिलाही सांगता आलं नसतं. अवघड गिऱ्हाईक यायचं असलं की आधी एक जास्तीची. दुपारी हातातली सुई तशीच, आणि ही पेंगतेय. एका वकिलाच्या कोटाला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आठव्या महिन्यात तू घरी आलीस आणि टेबलावर कापड जळताना पाहिलंस. गरम इस्त्री त्याच्यावर, आणि आई शेजारी गाढ झोपलेली. तेव्हा कुणी हसलं नाही. गोळ्या बंद कर, मगच बाळ तुझ्या हातात देईन, असं तू म्हणालीस. पोटुशी बाई दुसरं काय म्हणेल? तुझं बरोबरच होतं. आईनंही मान डोलावली.

आता तुझ्या आईची खोड तुला मी काय सांगायची? अर्धवट शिवलेलं काम तिनं कधी कुणाला दाखवलं नाही. गिऱ्हाइकानं डोकावून बघितलं तर ते चादरीखाली सारायची. तुझा फ्रॉकसुद्धा तुझ्यापासून लपवून शिवायची आणि शेवटचा टाका घालून झाला की दोन्ही हातांनी उंच धरायची. पुरं झाल्यावरच दाखवायचं, हा तिचा हट्ट. गोळीचंही तिनं तेच केलं. कुणाला ताकास तूर लागू न देता सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, मला सांगितलं नाही. तू बाळाला घेऊन आलीस की हात पुढे करून म्हणणार होती, बघ, सुटली. हे मला मावशींनी नंतर रडत रडत सांगितलं. आईला सुईत दोरा ओवता येईना तेव्हा त्यांना कळलं, पण आईनं त्यांना शपथ घातली होती. मी हात थरथरताना पाहून विचारलं, तर म्हणाली, थंडी भरलीय, काढा करून घेते.

मग ती दुपार. आकडीचे झटके आले आणि पडताना तिचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध अचानक बंद केलंय का? मी ठामपणे नाही म्हणालो. तू मात्र खाली फरशीकडे बघत राहिलीस. मी ते बघितलं, बाळा. तेव्हापासून तू काय उराशी धरून बसलीयस, ते मला माहीत आहे.

मी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो होतो. त्या म्हणाल्या, रोज घेऊन शरीराला गोळीची सवय होते, त्यात माणसाचा दोष नसतो. पण ती एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या नजरेखाली थोडी थोडी उतरवत न्यायची असते, त्याला महिने लागतात. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात ना, तसंच गोळीचंही. मला लगेच उमगलं. धावती लिफ्ट झटक्यात थांबवली तर आतला माणूस आपटतोच. एवढी गोष्ट माझ्या धंद्यातली, आणि तिनं मला विचारलं नाही! मला तिचा राग येतो गं. कधी कधी जेवताना मी समोरच्या रिकाम्या खुर्चीला मोठमोठ्यानं बोलतो आणि मग ताट तसंच सारून उठतो. पण तुझा राग मला एका क्षणासाठीही आलेला नाही. तू गोळी सोड म्हणालीस, लपवून सोड असं म्हणाली नव्हतीस.

हे सगळं आज लिहायचं कारण, काल जावईबापूंचा फोन आला. बोलता बोलता रडले बिचारे. बाळाला कडेवर घेऊन तू दारापर्यंत जातेस आणि परत फिरतेस, म्हणाले. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी तू कपाटावर टाकून ठेवलीयस, पाकीटही फोडलेलं नाही. आईला झालं होतं तेच तुला झालंय, आणि आईचं जे झालं त्याच्या धाकानं तू उपचारालाही शिवत नाहीस. रविवारी मी येतोय, दार उघड. आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. किती दिवस घ्यायची, कशी उतरवायची, गोळीवाचून दुसरा मार्ग आहे का, सगळं तोंडावर विचारू. माझ्याशी अर्धवटच बोल, रडत बोल, उलटसुलट बोल, पण बोल. आणि डॉक्टर घे म्हणाले, तर घे. तुझ्या आईनं तुझ्यासाठी गोळी सोडली. तू माझ्यासाठी घे.

तुझाच, आता तुझ्याशिवाय कुणीच नसलेला,
बाबा