भिजलेल्या सुताचं बळ

बाई,

नांदेडच्या कॉलेजातली ती दुपार मला हल्ली सारखी आठवते. टेबलावर पाण्याची वाटी, शेजारी चिंध्यांचा ढीग, आणि तुम्ही एकेक चिंधी उचलून आम्हा मुलींना दाखवताय. पॉलिएस्टर पाणी पीतच नाही, नुसतं अंगावर घेतं. लोकरीवर थेंब तसाच बसून राहतो, पण तीच लोकर हवेतली ओल गुपचूप पोटात घेते आणि हाताला कोरडीच लागते. मग तुम्ही एक धागा मधोमध जिभेनं ओला केला आणि दोन्हीकडून ओढला. रेयॉनचा होता, ओल्या जागीच तुटला. सुताचा धागा तसाच ओढला, तर तो तुटेना. आम्ही जिभेलाच हसत होतो. तुम्ही न चिडता म्हणालात, "हसा. चकाकी बघून फसाल तेव्हा हीच जीभ कामाला येईल." ओलं झालं की सूत बळावतं, हे तुम्ही सांगितलंत आणि मी वहीत उतरवून घेतलं, पण मनाला काही ते पटेना. आमच्या रेणापूरकडं भिजलं ते गेलं, एवढाच हिशेब. सोयाबीनची रचलेली गंज, कडबा, मातीची भिंत, पाणी लागून काही बळावलेलं मी पाहिलंच नव्हतं.

यंदा पाहिलं. परतीच्या पावसात माझी जाऊ वासरू सोडायला ओढ्यापलीकडं गेली आणि येताना पाण्यानं तिला गाठलं. मधल्या बाभळीला मिठी मारून ती उभी, पाणी छातीला लागलेलं. पुरुष माणसं माल विकायला लातूरच्या मोंढ्यावर गेलेली. विहिरीवर मोटार बसल्यापासून आमच्या शेतातल्या आखाड्यावर लांब दोर राहिलेला नाही, आणि जनावरांची दावी ती केवढीशी. गोधडीसाठी साठवलेल्या लुगड्या-साड्यांचं गाठोडं तेवढं होतं. सासूबाईंनी त्यातली जाड, झगझगीत साडी ओढून काढली. मी तिच्या पदराचा धागा उपसला, पावसानं ओला झालाच होता, ओढला तर पटकन तुटला. मग सासूबाईंच्याच सुती लुगड्याचा धागा ओढला. बोटात रुतला, पण तुटला नाही.

"जुनेर हाय ते, फाटंल की गं," त्या रडवेल्या झाल्या.

"न्हाई फाटायचं. भिजलं की हेच लई पक्कं होतंय," मी म्हणाले. बाई, तो आवाज माझा नव्हता.

दोन लुगड्यांना पीळ देऊन, एकमेकांना गाठ मारून एक टोक काठच्या कडुलिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकात दगड बांधून जावेकडं फेकलं. तिनं ते कमरेला बांधलं आणि बाभूळ सोडली. पाण्यानं तिला आडवं केलं तेव्हा लुगडं असं ताणलं गेलं की पिळातून पाणी ठिबकायला लागलं. गाठ आवळत गेली, आवळत गेली. बोंडातला तो कापूस, फुंकर मारली तर उडणारा, त्यानं भरल्या ओढ्यातून एक बाई काठाला आणली. ती माझ्या पायाशी पडून खोकत होती आणि मी त्या गाठीकडं बघत होते. सूत असं का बळावतं, ते कारण मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलेलंही आहे. तरी अंगावर काटा आला, आणि आज लिहितानाही येतोय. ज्या पाण्यानं तिला ओढलं, त्याच पाण्यानं सुताला बळ दिलं. एवढं मोठं काही तुम्ही वाटीभर पाण्यात आम्हाला दाखवत होतात, आणि आम्ही घंटेकडं कान लावून बसलो होतो.

ती गाठ अजून सुटलेली नाही. सासूबाई ती कापूही देत नाहीत.

जाऊ रोज विचारते, तुझ्या बाई कुठं असतात. मी म्हणते, नांदेडला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, ते माझ्यानं तिला सांगवत नाही. दिवाळी झाली की तुमची ओटी भरायला जायचं तिनं ठरवलंय, आणि मी हो हो म्हणून राहिले. तुमच्यासाठी तिनं खणही आणून ठेवलाय. काल ती रानात गेल्यावर मी त्याचा एक धागा उपसला, जीभ लावून ओढून पाहिला. सुतीच आहे, बाई.