फक्कीतली सावली

२८ एप्रिल
लोणी देवकरला पोचले एकदाची! गंगेत घोडं न्हालं. पुण्याच्या ऑफिसात आजवर दुसऱ्यांचे नकाशे रंगवले, आता पहिल्यांदाच एकटी साइटवर. इथं कारखान्यातल्या बायकांसाठी वसतिगृह होणार आहे. भिंती ठरायच्या आधी कुठल्या खोलीला किती तास ऊन मिळेल, ते मी काढून द्यायचं. संगणकात प्लॉट मांडायचा, वर वर्षभराचा सूर्य फिरवायचा. पिवळं म्हणजे ऊन, निळं म्हणजे सावली. ड्रायव्हर म्हणाला, इंदापुराच्या उन्हाला काय मोजायचं मॅडम, पोतं भरून न्या! जेवायला शेंगदाण्याची आमटी होती. दोनदा वाढून घेतली.

३० एप्रिल
संगणकातली सावली खरीशी जुळते का ते पडताळायचं होतं. सरळ काठी मिळेना, म्हणून मजुरीवर आलेल्या सारजाला उन्हात उभं केलं आणि पाया आखायची पांढरी फक्की तिच्या सावलीभोवती मारली. तिची सासू बानूबाई तरातरा आली. फक्की पायाला मारत्यात, माणसाला न्हाय, म्हणाली. सावली आखली की ती त्या जागंची झाली. मी हसले. सारजाही हसली बिचारी. माप मात्र तंतोतंत जुळलं.

४ मे
सारजा भर दुपारी वाकळ पांघरून बसते. थंडी वाजते म्हणे. बेचाळीस अंशात! डॉक्टरला काही सापडलं नाही. आज ती पाटी घेऊन चालली, तेव्हा मी नीट पाहिलं. जमिनीवर नुसती पाटीची सावली सरकत होती.

संगणकात फक्की मारलेल्या जागी निळा डाग आलाय. आजूबाजूला काहीच उभं नाही. डागाला डोकं आहे, हात आहेत.

८ मे
फक्की झाडली, पाणी मारलं. निघत नाही. बानूबाईनं माझे पाय धरले. आखणाऱ्यानं आपली सावली फक्कीला दिली, तर सारजाची सुटंल म्हणाली. तिला दोन लेकरं हायत, तुमाला कोण हाय, असंही विचारलं. संताप आला मला. माझा जीव काय वाटेवर पडलाय? स्पष्ट नाही म्हटलं.

१० मे
सारजाचे ओठ काळेनिळे. बोलत नाही. मी खोलीबाहेर पडत नाही. दारासमोर बानूबाई, मांडीवर घमेलं, घमेल्यात फक्की. रात्रीही जाता येत नाही, कारखान्याच्या दिव्यांनी माझी सावली पडते, ती आखेल. मी वाईट आहे? असेन. मला जगायचंय.

१२ मे
सुचलं! आज शून्य सावलीचा दिवस. बारा अठ्ठावीसला सूर्य बरोब्बर डोक्यावर, कुणाचीच सावली पडत नाही. आखणार काय, कपाळ? गाडी फाटकाशी बोलावलीय. निघते.

१२ मे, तिथंच
अर्ध्या वाटेवर गाठलं बानूबाईनं. मी थांबून हसलेसुद्धा — जमीन कोरी होती. ती खाली बसली, माझ्या दोन्ही पायांभोवती फक्की फिरवली. सावली कुठं गेली न्हाय बाई, म्हणाली, पायाखाली हाय.

पाय उचलत नाहीत. वही हातात होती म्हणून — ऊन दिसतंय, लागत नाही — सारजानं वाकळ टाकली — तिच्या पायाशी काळं काहीतरी परत — माझ्या पायाशी —

थंडी. आई गं, थंडी.

बानूबाईनं जेसीबीवाल्याला हाक मारली. आखलंय तितं खोद म्हणाली. तो विचारतोय, किती खोल — ती उठून माझी उंची मो