कुंडीमागचा कॅमेरा आणि घरची चटणी

कुंडल, सोमवार

श्री. दादासो यांना ज्ञानू हवालदाराचा रामराम. तुमचा गुडघा वळायला लागला असावा आणि वहिनींचा खोकला थांबला असावा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं, तसं ते नाही. फोनच केला असता, पण मी फोनवर बोललो की अर्धं कुंडल ऐकतं (तोफखान्यातली नोकरी, दुसरं काय), आणि हा विषय तुमच्या बहिणीच्या कानावर जाऊन चालणार नाही.

मागे मी साताऱ्याला मिलिटरी कँटीनला आलो होतो. (तुमच्याकडे आलो नाही, राग मानू नये. तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.) स्टँडजवळच्या एका नव्या हॉटेलच्या दारात एका मुलीनं अडवलं, "बाबा, आमच्या शेफचा रस्सा चाखून सांगा की!" आता आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्न असो की जत्रा, मी तळहातावर रस्सा घेऊन चाखतो, डोळे मिटतो, मान हलवतो, मगच पंगत बसते. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही. आत उंच टोपीवाल्यानं कुठल्याशा डोंगरावरच्या मिरचीची आणि दगडी जात्याची कथा सांगितली आणि चकचकीत झाकणाखालून वाटी काढली. मी रीतीप्रमाणे डोळे मिटले आणि म्हणालो, "लय भारी! लगीन झाल्यापासनं आमच्या घरात असा रस्सा शिजला न्हाई." तोच मागचा पडदा बाजूला सरकला. पाहतो तर पानटपरीवर शांपूशेजारी लटकतात तसल्या मसाल्याच्या पुड्यांचा ढीग, आणि कुंडीमागून कॅमेरावाला उठून उभा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांनी सही मागितली, ती अभिप्रायाची समजून दिली.

आता मोबाईलवर कोणतंही गाणं लावा, आधी त्या पुडीच्या जाहिरातीत माझं थोबाड येतं. आमच्या नातीनं, सृष्टीनं, तर कौतुकानं आजीला दाखवलं. रंगूबाईनं एकदा पाहिलं, परत लावायला सांगितलं आणि उठून चुलीकडे गेली. भांडली असती तर मी सुखानं ऐकून घेतलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच पुडीचा स्वयंपाक करते आणि ताट ठेवताना म्हणते, "घ्या, लय भारी हाय." यंदा मिरची आणलीच नाही. जावा डंकावरून शिंकत शिंकत वर्षभराच्या रश्श्याची चटणी कुटून आल्या, आमची बरणी मात्र पालथी आहे. सुट्टी संपवून निघालेली गावची पोरं तिची चटणी डब्यात भरून थेट सरहद्दीवर न्यायची. त्यांनाही ती सांगते, "दुकानात मिळतीया." दादासो, मला हे सोसवत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. या आणि तिला डंकावर पाठवा.

तुमचा दाजी,
ज्ञानू

ता. क. तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणून खरं लिहितो. कोरोनाच्या तापात माझी चव गेली ती परत आलीच नाही. खारट, गोड काही कळत नाही. पंगतीत मी तर्री बघतो आणि आचाऱ्याचं तोंड बघतो. तो घाबरलेला दिसला की "थोडं मीठ" म्हणतो (कुणाला ना कुणाला पटतंच). हॉटेलातला रस्सा म्हणजे मला गरम पाणी होतं. पण मग घरचाही गरम पाणीच होता, आणि रोज मी "झकास" म्हणत होतो, हे तिला कसं सांगू? पुडी तिच्या चटणीपेक्षा बरी, की मला दोन्ही सारखंच? यातलं तिच्या मनाला कमी लागेल ते सांगा.

ता. क. दुसरा. रंगूबाई बचत गटाच्या कामाला पलूसला निघाली आहे, टपाल तिच्याकडेच देतो. पाकीट डिंकानं घट्ट चिकटवलं आहे, काळजी नसावी.

दादा, मी रंगू. डिंक वला व्हता. ह्यांच्या जिभंचं मला कवाच ठावं हाय. त्या तापानंतर आमटीत मीठ टाकायचं ऱ्हायलं, तर ह्यांनी दोनदा वाढून घेतली आन् झकास म्हनले. मी चुलीम्होरं बसून लय रडले. मला राग रश्श्याचा न्हाई. आज सांगतील, उद्या सांगतील म्हनून वाट बघत व्हते, तर तुला आदी सांगितलं. येताना मिरची घेऊन ये. बेडगी रंगापुरती आन, लवंगी जास्त. चव गेली म्हनून काय झालं, तिखट तर झोंबंलच की.