सदू मोकळा होता

कल्याण, रविवार, ८ जानेवारी १९५६

आजचा फुटबॉलचा सामना माझ्यामुळे हरलो, असं आमचे दामले मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. असेलही. चेंडू पायाशी आला की इकडेतिकडे न बघता लांब मारायचा, ही त्यांची शिकवण. दोन वर्षं मुकाट्यानं तेच केलं. आज बघितलं, तर डावीकडे सदू मोकळा. त्याच्याकडे चेंडू ढकलला, पण तो मध्येच अडवला गेला आणि आमच्यावर गोल झाला.

"तुला डोकं चालवायला कोणी सांगितलं?"

"सदू मोकळा होता, मास्तर."

"पुढच्या सामन्यात तू बाहेर!"

चेंडू हळू गेला, ही चूक माझी. पण सदू मोकळा होता. होताच! उद्यापासून जोरात पास द्यायचा सराव. सदूला मैदानावर बोलावलंय.

"मास्तरांनी बघितलं तर?" तो म्हणाला.

"बघू देत की!"