मायसाठी धुराड्याची चूल

बोनकोडे, २१ नोव्हेंबर १९९३

चि. क्रांतीस,
दादाचा जयभीम. भूकंपाला दोन महिने होत आले आणि तू व माय अजून तंबूतच आहात, हे वाचलं. इकडे नवी मुंबईत अजून पंखा लागतो, त्याची लाज वाटते.

तंबूत तीन दगडांवर जाळ करणं आधी बंद कर. धुराने मायचा खोकला वाढेल आणि एका ठिणगीने कापड पेटेल. आमच्या भट्ट्या-धुराड्यांच्या वर्कशॉपचे हौसेराव शेठ भंगारातला पत्रा न्यायला हो म्हणाले आहेत, तर धुराड्याची चूल करून पाठवतो. जाड पत्र्याची केली तर ऊब बराच वेळ राहील, पण हलवायला दोन माणसं लागतील. पातळ पत्र्याची लवकर तापते, लवकर निवते, पण उद्या शेड मिळाली की तू एकटी उचलशील. मायला विचार. तंबूची उंची टेपने मोज, तुझा अंदाज मला शाळेपासून ठाऊक आहे.

दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
जोतीराम

लाटवाडी, २ डिसेंबर

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि. तंबू मधोमध साडेसहा फूट, कडेला तीन. टेपनेच मोजला, हसू नकोस.

मायने जाड-पातळ काही ऐकूनच घेतलं नाही. तिचा एकच प्रश्न, लोखंडाला सारवायचं कसं? भिंतीखाली बा गेले तेव्हापासून तिने कशालाच शेणमातीचा हात लावलेला नाही. न सारवलेल्या चुलीवर भाकरी टाकणार नाही म्हणते. मी वैतागून बोलले, मग बस गारठत. बोलले आणि फार वाईट वाटलं. बांचं घोंगडं पांघरूनही ती कुडकुडते रे. तूच ठरव, पण लवकर.

आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
क्रांती

तुर्भे, १६ डिसेंबर

चि. क्रांतीस,
जयभीम. पातळ पत्र्याची केली. आपल्याकडच्या नामाच्या ट्रकने पाठवतो आहे. धुराडं कापडातून जिथे बाहेर जातं तिथे सोबतची चकती नक्की बसव, नाहीतर तंबू पेटेल. मायला सांग, हवी तेवढी सारव. पातळ पत्र्याला मातीचा लेप चांगलाच, ऊब टिकेल. कोपरान् कोपरा लिंप म्हणावं, लेकाने परवानगी दिली आहे. इथे तुर्भ्याला ट्रक उभा आहे, घाईत आहे.

लोभ आहेच, तो चुलीइतका ऊबदार ठेव.
जोतीराम

लाटवाडी, ३ जानेवारी १९९४

ती. दादास,
सविनय जयभीम. तार केली होती. तू आला नाहीस, म्हणजे ती पोचली नसावी. दादा, माय गेली. तीस तारखेला.

मी बालवाडीच्या प्रशिक्षणाला दोन दिवस लातूरला होते. परतले तर माय अंथरुणात गार. सगळे म्हणतात थंडीने गेली. मला वाटतं, बांच्या मागे गेली. चेहरा शांत होता, गाल तर तांबूस, बरं वाटत असल्यासारखे.

चुलीने तिला जरा माणसात आणलं होतं. तू सांगितलंस तशी तिने कोपरान् कोपरा सारवली. चुलीच्या दाराखालचं ते गोल भोकसुद्धा मी लातूरला गेल्यावर लिंपून सपाट केलेलं दिसलं. त्यातून गार वारा येतो म्हणायची. शेजारच्या शहाजीमामांची नात महिन्याची आहे, ते चूल मागत आहेत. तू हो म्हणालास तर देते.

आता मला तूच आहेस, अंतर देऊ नकोस.
क्रांती

बोनकोडे, ८ जानेवारी

चि. क्रांतीस,
तार मिळाली नाही. आज संध्याकाळच्या एस.टी.ने निघतो. नामाचा ट्रक आत्ताच सुटतो आहे, म्हणून हे त्याच्याजवळ देतो. समोर उभं राहून मला सांगता येणार नाही.

माय थंडीने गेली नाही. ते भोक आगीला वारा मिळावा म्हणून होतं. ते बुजलं की लाकूड कोंडून जळतं आणि विषारी वायू तंबूत साठतो. तो डोळ्यांना झोंबत नाही, माणूस झोपेतच जातो. मायचे गाल तांबूस दिसले ते त्यानेच. हे मला येतं, हाच माझा धंदा आहे. मी चकतीचं लिहिलं, भोकाचं लिहायचं राहिलं. वर कोपरान् कोपरा लिंप म्हणालो. तिने लेकाचं ऐकलं.

चूल देऊ नको एवढं लिहून गप्प बसता आलं असतं. पण उद्या कुणी दुसरी चूल आणून तशीच लिंपील. म्हणून हे पत्र छावणीत सगळ्यांना वाचून दाखव, माझ्या नावासकट. मी पोचायच्या आधी वाच.

माया ठेव, असं लिहायचा हक्क या पत्रात मला नाही.
जोतीराम